वाइल्ड टाइप

"ताई, एवढं जरा वाचून सांगता का?"

रिपोर्टच्या खिडकीसमोरची गर्दी नुकतीच ओसरली होती. ऑक्टोबरची दुपार. फिनेलचा वास आणि खालच्या उपाहारगृहातून येणारा सांबाराचा वास एकमेकांत मिसळून त्या बोळात साचून राहिले होते. माझ्या हातात आईच्या फुप्फुसातल्या गाठीच्या तपासणीचा लिफाफा होता, मी तो उभ्या उभ्याच फोडला होता आणि मला हवी ती ओळ सापडली होती. ईजीएफआर जनुकात बदल आढळला, एक्सॉन २१, एल ८५८ आर. तीन आठवडे रात्र रात्र जागून एवढं वाचलं होतं की याच ओळीसाठी मी देवाला हात जोडत होते. त्या आनंदातच मी मान वर केली, तर समोर एक माणूस, चाळिशीचा असेल, खांद्यावर टॉवेल, हातात औषधांच्या दुकानाची पातळ पिशवी आणि माझ्यासारखाच एक कागद. परभणीकडचा. वडिलांचा रिपोर्ट होता. डॉक्टर परवा भेटणार होते, तोवर अण्णांना काय सांगायचं हा त्याचा प्रश्न होता. त्याने कागदावरच्या दोन इंग्रजी शब्दांवर बोट ठेवलं. हळू हळू, अक्षरं लावून त्याने ते आधीच वाचले होते. "हे वाइल्ड म्हंजे जंगली ना? लई जहाल हाय का?"

मी घाईने म्हणाले, "नाही नाही, जंगली वगैरे काही नाही. बदल आढळला नाही असा अर्थ आहे त्याचा."

"म्हंजे काही सापडलं नाही?"

"नाही सापडलं."

त्याच्या चेहऱ्यावरची एकेक घडी उलगडत गेलेली मी पाहिली. त्याने दोन्ही हात जोडले, कागद घडी करून खिशात ठेवला, फोन काढला आणि जिन्याकडे जाता जाता मोठ्याने बोलू लागला. "हॅलो, अगं, रिपोर्ट चांगला आलाय. काही सापडलं नाही म्हणायलेत."

मी तिथेच उभी होते. काही बोलले नाही.

मी सांगितलं त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरी तो माणूस एक चुकीची बातमी घेऊन जिना उतरला. फुप्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआर वाइल्ड टाइप याचा अर्थ एवढाच की, त्या एका जनुकात औषधाला पकडता येईल असा बदल नाही. गाठ तिथेच आहे, आजार तोच आहे, फक्त ज्या गोळीने माझ्या आईला उभं केलं असतं ती गोळी त्याच्या अण्णांच्या कामाची नाही. माझ्या आईच्या गाठीत चूक सापडली म्हणून मी आनंदात होते, आणि त्याच्या वडिलांच्या गाठीत ती सापडली नाही म्हणून तो आनंदात होता. दोघांपैकी एकालाच ठाऊक होतं की हे उलटं आहे. धावत जाऊन त्याला गाठायला मला वीस पावलं पुरली असती. मी डॉक्टर नाही, माझं काय चुकलं तर, परवा त्यांना कळेलच, ही सगळी कारणं तेव्हा मनात होती. पण खरं कारण हे की माझ्या हातात चांगला कागद होता आणि त्या क्षणी मला दुसऱ्याच्या वाईट कागदाजवळ जायचं नव्हतं.

हा शब्द आला कुठून ते मी नंतर शोधलं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन फळांवर बसणाऱ्या बारीक माश्या बाटल्यांत पाळून आनुवंशिकता अभ्यासत होते. रानात सापडणाऱ्या त्या माशीचे डोळे लाल. १९१० मध्ये त्यांना पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला. मग पांढऱ्या डोळ्यांची ती बदललेली, आणि लाल डोळ्यांची ती रानातली, मूळची, निसर्गात असते तशी. वाइल्ड टाइप म्हणजे एवढंच, मूळ रूप. शंभर वर्षांपूर्वी माश्यांसाठी वापरलेला शब्द परभणीच्या शेतकऱ्याच्या कागदावर जसाच्या तसा येऊन बसतो आणि त्याचा जीव घाबरा करतो. तपासणीचं यंत्र कोट्यवधींचं असतं, आणि त्याच कागदावर, माणूस ज्या भाषेत घरी फोन करतो त्या भाषेतली एक ओळ छापलेली नसते. एवढं तरी व्हायला हवं असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

आमचा कागद हाती यायला जे करावं लागलं तेही सांगायला हवं. आईच्या छातीतून सुईने काढलेला तुकडा ज्या छोट्या रुग्णालयात तपासला गेला, तिथून तो ब्लॉक सोडवून मोठ्या रुग्णालयात न्यायचा होता. कर्करोगाच्या घरांत ब्लॉक हा शब्द ज्याला त्याला माहीत असतो. मेणाची एक चौकोनी वडी, काडेपेटीपेक्षाही लहान, आणि तिच्या मधोमध तांदळाच्या तुसाएवढं काहीतरी करडं. एका वहीत सही घेऊन खिडकीतल्या माणसाने ती मला दिली आणि म्हणाला, उन्हात ठेवू नका. मी ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये, पर्स पोटाशी, अशी डोंबिवलीहून लोकलने नेली. बायकांच्या डब्यात कोणी मटार सोलत होतं, कोणी स्तोत्र पुटपुटत होतं आणि माझ्या मांडीवर आईच्या फुप्फुसाचा एक कण होता. लहानपणी तिने मला अशीच पोटाशी धरून याच लोकलने दवाखान्यात नेलं असणार. त्या तुसातून किती पापुद्रे निघतील, त्यात गाठीच्या पेशी पुरेशा भरतील का, ते टिकवण्यासाठीच्या फॉर्मॅलिनमध्ये जास्त वेळ राहून बिघडलं तर नसेल, यावर पुढचं सगळं अवलंबून. नेमका उपचार म्हणतात त्याची सुरुवात अशी, एका पर्समध्ये, गाडीच्या धक्क्यांत होते. कित्येकांचा तुकडा पुरत नाही, पुन्हा सुई टोचावी लागते. आमचा पुरला.

आईला मी संध्याकाळी सगळं सांगितलं. ती तीस वर्षं मराठी शिकवत होती, म्हणून तिच्याच भाषेत सांगायचा प्रयत्न केला. पेशीच्या पृष्ठभागावर ईजीएफआर नावाचं एक दार असतं, बाहेरून निरोप आला की ते आतल्यांना सांगतं, वाढा. निरोप थांबला की तेही गप्प. पण तुझ्या गाठीतल्या पेशींत त्या दाराची जी संहिता आहे तिच्या ८५८ व्या जागी एक अक्षर बदललंय. सीटीजी हवं तिथे सीजीजी झालंय. टी च्या जागी जी, बस. त्यामुळे दाराला कोणी निरोप देवो न देवो, ते आत ओरडतच राहतं, वाढा, वाढा. आईने चष्मा काढून पदराने पुसला. म्हणाली, "म्हणजे ध चा मा झाला."

मी इतकं वाचूनही मला हे सुचलं नव्हतं. शनिवारवाडा, ती चिठ्ठी, धरावेचं मारावे. आख्यायिका असेल, पण आपल्याकडे पाचवीतल्या पोरालाही एका अक्षराने जीव जातो हे ठाऊक असतं. मग तिने विचारलं, "आणि हे अक्षर दुरुस्त करतात का?" दुरुस्त नाही करत, मी म्हणाले. चूक तशीच राहते. गोळी त्या दाराच्या खाचेत जाऊन बसते आणि ओरडणं बंद करते, रोज घेत राहिलं तर. "हं," आई म्हणाली. "म्हणजे लाल शाईने गोल करून ठेवतात." तिने आयुष्यभर वह्यांतल्या ऱ्हस्व-दीर्घाला घातलेले ते गोल मला डोळ्यांसमोर दिसले.

या गोळीची, गेफिटिनिबची, गोष्ट मला फार लागली, कारण ती उलट्या क्रमाने घडली. आधी औषध आलं, ते कोणासाठी आहे हे नंतर कळलं. २००२ मध्ये जपानने ती मंजूर केली, पुढच्या वर्षी अमेरिकेने. तेव्हा फुप्फुसाच्या कर्करोगात ती कोणालाही द्यायचे. दहातल्या नऊ जणांना काही फरक नाही, आणि दहाव्याची गाठ काही दिवसांत विरघळल्यासारखी लहान होई. डॉक्टरांना एवढंच दिसत होतं की हे दहावे लोक बहुतेक बायका असतात, कधीही धूम्रपान न केलेले असतात, पूर्व आशियातले जास्त असतात. २००४ मध्ये बॉस्टन आणि न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी त्या दहाव्या लोकांच्या गाठी उघडून वाचल्या आणि त्यांना हा अक्षरबदल सापडला. तोवरची दोन वर्षं माझ्या मनातून जात नाहीत. त्या काळात किती जणांनी ती गोळी आशेने गिळली असेल आणि काही झालं नाही तेव्हा आपलंच नशीब म्हणून डोळे मिटले असतील. पुढे पूर्व आशियात बाराशेहून अधिक रुग्णांवर जो अभ्यास झाला, त्याचे आकडे २००९ मध्ये आले. बदल असलेल्यांत गोळीने ७१ टक्क्यांची गाठ आकसली. बदल नसलेल्यांत एका टक्क्याची, आणि त्या लोकांना साध्या केमोथेरपीनेच कितीतरी जास्त फायदा होत होता. म्हणजे परभणीच्या त्या अण्णांना ही गोळी दिली असती तर त्यांचं नुकसान झालं असतं. त्यांच्या कागदावरचं नाहीसुद्धा कोणीतरी फार कष्टाने मिळवलेलं उत्तर होतं. एएलके, आरओएस वन अशा इतर जनुकांच्या तपासण्या त्यांच्या वाटेवर अजून असतील, केमो असेल, इम्युनोथेरपीही असेल, जी परवडणं हा आणखी वेगळा डोंगर. हे सगळं मी त्याला जिन्यात सांगू शकले असते का? इतकं नाही. पण परवा डॉक्टरांना विचारा, घरी आजच काही सांगू नका, एवढं नक्की सांगू शकले असते.

आईला गोळीबरोबर केमोही सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर रेघ मारून समजावलं की नुसत्या गोळीपेक्षा दोन्ही मिळून आजार जास्त काळ थोपवता येतो, आणि हा अभ्यास आपल्या मुंबईतच, टाटा मेमोरिअलमध्ये ३५० रुग्णांवर झालाय. नुसत्या गोळीने ८ महिने, दोन्ही मिळून १६. आईला त्यातलं भावलं ते वेगळंच. "म्हणजे आपल्याच माणसांवर करून पाहिलंय," ती म्हणाली. खरंच, हा अक्षरबदल युरोप-अमेरिकेत या प्रकारच्या कर्करोगात दहा-पंधरा टक्क्यांत, पूर्व आशियात जवळजवळ निम्म्यांत आणि आपल्याकडे साधारण चौघांत एकाला. परक्यांच्या आकड्यांवर आपलं अंग मोजता येत नाही. मी तिला सांगितलं की १६ हा मधला आकडा आहे, निम्म्यांना कमी, निम्म्यांना जास्त. तिने मान डोलावली आणि रात्री मी पाहिलं तर भिंतीवरच्या कालनिर्णयाची पानं उलटून, डिसेंबर संपल्यावर बोटांवर, ती फाल्गुनापर्यंत पोचली होती.

तपकिरी गोळी, २५० मिलिग्रॅम, रोज सकाळी नऊला. दहाव्या दिवशी नाकावर, गालांवर पुरळ उठलं, तारुण्यपीटिकांसारखं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पुरळ येणं हे औषध लागू पडत असल्याचं लक्षण असू शकतं, त्यामुळे आई रोज आरशात बघून ते मोजायची आणि कमी झालं की अस्वस्थ व्हायची. नखांच्या कडा सुजून लाल झाल्या, लसूण सोलणं गेलं, ब्लाउजचे हूक मी लावून द्यायचे. ताक-भातावर आठवडे गेले. आणि पहिल्या स्कॅनमध्ये गाठ निम्म्याहून लहान झालेली. खोकला जाऊन त्या हिवाळ्यात तिने चकल्या केल्या, माझ्याकडून पीठ मळून घेऊन. आजही मला त्या तळणीचा वास आला की रडू येतं, आणि ते दुःखाचं नसतं. लोक विचारत राहिले, घरात कोणी सिगारेट ओढायचं का? कोणीच नाही. तिच्या लहानपणीच्या घरात चूल होती, ओली लाकडं होती, पण ती तर गावातल्या प्रत्येक घरात होती. आईने एकदा कंटाळून एका बाईंना सांगितलं, "अहो, माझं काही चुकलं नाही. एक अक्षर चुकलं."

दर तीन आठवड्यांनी केमोसाठी डे-केअरमध्ये जायचो. शेजारी शेजारी खुर्च्या, प्रत्येकाच्या डोक्यावर एक बाटली, खाली बसून डबे उघडणारे नातेवाईक, भाकरी, ठेचा, मेथीची भाजी. माझे डोळे दर वेळी टॉवेलवाल्या माणसाला शोधायचे. तो कधीच दिसला नाही. त्यांचा वार वेगळा असेल. गावाजवळ उपचार घेत असतील. तिसरी शक्यता मी मनात पूर्ण होऊ देत नसे. चौथ्या की पाचव्या वेळी आईने विचारलं, "कोणाला बघतेस सारखी?" तेव्हा मी तिला ते सगळं सांगितलं. ती ओरडेल किंवा समजूत काढेल असं वाटलं होतं. तिने दोन्ही केलं नाही. ठिबकणाऱ्या बाटलीकडे बघत तिने मला एक जुनी गोष्ट सांगितली, जी मी कधी ऐकलेली नव्हती.

ती चौथीत होती. संगमेश्वराजवळच्या त्यांच्या वाडीत वाचता येणारी मुलगी ती एकटीच. पुरुष सगळे मुंबईला गिरणीत, बायका मागे. पोस्टमन पत्र देऊन गेला की बाई चिमणी आणि पत्र घेऊन त्यांच्या ओटीवर यायची. आई आधी पत्र मनात वाचायची, मग मोठ्याने. एकदा शेजारच्या काकीला पत्र आलं. सगळं नेहमीचं, आम्ही खुशाल, तुमची खुशाली कळवणे, शेणी रचल्या का, आणि मध्येच एक ओळ होती की खोकला जात नाही, थुंकीतून रक्त पडतं. आई त्या ओळीपाशी थांबली आणि ती गाळून पुढे गेली. काकी ऐकत होती. पत्र संपलं तशी म्हणाली, "का गो थांबलीस?" आई म्हणाली, कुठे थांबले. काकीने चिमणी जरा पुढे सरकवली आणि म्हणाली, "थांबलीस तिथून परत वाच." मग आईने ती ओळ वाचली. काकी काहीच बोलली नाही, पत्र पोलक्यात खोचून गेली, आणि पहाटेच्या एस्टीने मुंबईला निघाली.

"मग? तो वाचला का?" मी विचारलं.

"ते नाही आठवत," आई म्हणाली. "ती गेली एवढं आठवतं."

सोळा महिने उलटले, अठरा झाले. एकविसाव्या महिन्यात, जून सरताना, स्कॅनमध्ये एक जुनी सावली परत मोठी दिसली. हे होतं हे आम्हाला सुरुवातीलाच सांगितलेलं होतं. गाठही शिकत असते. त्याच दाराच्या ७९० व्या जागी आणखी एक अक्षर बदलतं, टी ७९० एम, आणि गोळी जिथे बसायची त्या खाचेच्या तोंडाशी जणू एक रखवालदार येऊन उभा राहतो. निम्म्याहून जास्त लोकांत असं होतं. आणि असं झालं असेल तर त्या रखवालदारालाही चुकवून आत जाणारी दुसरी गोळी आहे, ओसिमर्टिनिब. म्हणजे पुन्हा तेच, आईच्या शरीरात एक नवी चूक झालेली असू दे म्हणून मी प्रार्थना करत होते. या वेळी छातीत सुई न टोचता आधी रक्तातच शोधायचं ठरलं, गाठीच्या मेलेल्या पेशींतून रक्तात सांडलेल्या डीएनएच्या धाग्यांत. दंडातून दोन नळ्या रक्त घेतलं. रिपोर्टची वाट बघत होतो त्याच जुलैत अर्थसंकल्प आला आणि कर्करोगाच्या तीन औषधांवरचं सीमाशुल्क काढल्याची बातमी टीव्हीवर लागली. तिघांत ओसिमर्टिनिबचं नाव होतं. आईने आवाज वाढवला. मी तिच्याकडे बघितलं, ती माझ्याकडे. ज्या दाराची किल्ली आपल्याला मिळणार की नाही ठाऊक नाही, ते दार स्वस्त झालं होतं.

शुक्रवारी दुपारी रिपोर्ट फोनवर आला. आई खाटेवर उशीला टेकून बसली होती, पाय उन्हात. बाहेर पाऊस थांबून लख्ख ऊन पडलं होतं आणि कोणीतरी गच्चीवर गोधड्या टाकत होतं. मी पान खाली खाली सरकवत गेले. वरच्या ओळीत जुनी चूक होती, ८५८, अजून तिथेच. तिच्याखाली टी ७९०, आणि पुढे दोन शब्द. वाइल्ड टाइप. खाली बारीक अक्षरांत एक टीप होती की रक्तात सापडलं नाही म्हणजे गाठीत नसेलच असं नाही, तुकडा काढून पुन्हा तपासावं. म्हणजे परत सुई, परत मेणाची वडी, परत पोटाशी पर्स. आणि त्यातही नसेल तर दुसरी केमो. मला तो जिना आठवला, खिशात घडी करून ठेवलेला कागद, फोनवरचा तो मोठा, मोकळा आवाज. मी फोन जरा डोळ्यांजवळ धरला, उगाच, वाचत असल्यासारखा.

"का गो थांबलीस?" आई म्हणाली.

मी खुर्ची खाटेजवळ ओढली, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.